निम्म्या वाट्याचा कॉइन

“मॅडम, तुमी पोलीस हाईत ते बराबर. पण तुमाला सोताला कुणी गंडवलं का कधी?”

प्रश्न विचारला रागिणीनं, पण त्यामागं डोकं आकांक्षाचं होतं आणि शेरभर बोरं गुलनाजची. साखरा गावच्या शाळेच्या पटांगणात दहावीच्या पोरींची रांग सगळ्यात मागं. तिथं बसल्या बसल्या तिघींची पैज लागली. हिंगोलीहून आलेल्या सायबर पोलीस नाहिद मॅडमला हे विचारायचं, उभं राहून, मोठ्यानं. विचारलं तर बोरं, नाही विचारलं तर महिनाभर दोघींच्या वह्या रागिणीनं लिहायच्या. सहा महिन्यांपूर्वीची रागिणी असती तर मान खाली घालून वह्या लिहीत बसली असती. पण डिसेंबरात तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत तिला दुसरा नंबर मिळाला, सेनगावच्या स्टेजवर पहिल्यांदा माईक तोंडाशी आला, आणि तेव्हापासून तिच्या तोंडाचं कवाड जे उघडलं ते परत लागतच नव्हतं.

रत्नपाल सरांनी डोळे वटारले. बारकी पोरं माना वळवून वळवून बघायला लागली. नाहिद मॅडमनी मात्र टोपी काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “गंडवलं ना. अकरा हजाराला.”

पटांगण एकदम हसलं.

“हसा, हसा. नोकरीला लागून आठ महिने झाले होते माझे. फोनवर एकजण म्हणला, क्रिप्टोचा कॉइन घ्या, दीड महिन्यात एकाचे दोन. मी खाकी घालून रोज सकाळी दोनाची वाट बघून राहिले होते. माझा भाऊ साजीद अजूनबी चिडवतो. म्हणतो, आपा, चोर पकडायला जाऊन राहिली का पैसे द्यायला?”

मग त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पैसे गेले की एकोणीसशे तीस नंबरला फोन लावायचा, लगेच. उशीर झाला असला तरी लावायचा. आणि दुसरी, “एकदा लुटून झालं की काही दिवसांनी दुसरा माणूस येतो. म्हणतो मी वकील, म्हणतो मी मोठा साहेब, तुमचा गेलेला पैसा परत आणून देतो, फक्त आधी फी टाका. तो पहिल्याचाच भाऊ असतो, बरं का. तुमी फसणारे हाईत, हे त्याला पहिल्यानंच सांगितलेलं असतं.”

पटांगणाच्या कडेला, पोषण आहाराच्या शेडमध्ये पारुबाई उलथणं हातात धरून ऐकत होती. त्या दिवशी खिचडी खालून लागली. पारुबाईची खिचडी कधी लागत नसे, पण रागिणीला त्याचं काय? तिच्या ओढणीत शेरभर बोरं होती आणि पोरापोरींत नाव झालं होतं.

*

संध्याकाळी ती थेट शेतात गेली. तूर काढायचं काम चाललं होतं. बाप, पुंजाजी, विळ्यानं बुडाशी सपासप कापत पुढं, माय, अनुसयाबाई, मागं पेंढ्या बांधत. हातांना तुरीचा चिकट वास, पायांना खुंटांचे ओरखडे. बांधावर शेळ्या सांडलेला पाला कुरकुर खात होत्या.

शेत दोन एकर, पण घर चालायचं ते शेळ्यांवर. छत्तीस शेळ्या, त्यातल्या पुंजाजीच्या स्वतःच्या अकरा. बाकीच्या लोकांच्या, निम्म्या वाट्यानं सांभाळायला घेतलेल्या. शेळी मालकाची, मेहनत पुंजाजीची, पिल्लं निम्मी निम्मी. कागद नाही, सही नाही. मालकाची म्हणून शेळीच्या कानाला एक खूण पाडायची, बस. आणि शेळी मेलीच, तर राखणाऱ्यानं तो खुणेचा कान कापून मालकाच्या दारात नेऊन दाखवायचा. कान नाही दाखवला तर शेळी विकून खाल्ली, असंच गाव धरतं. बावीस वर्षांत पुंजाजीनं नऊ कान नेऊन दाखवले होते. एकदा लांडग्यानं नेलेली शेळी शोधायला तो दोन दिवस माळ तुडवत फिरला होता, नुसत्या कानासाठी. म्हणून तर लोक त्याच्याकडं डोळे झाकून शेळी सोडायचे.

“माय, आज मी पोलिसाला प्रश्न विचारला,” रागिणीनं दप्तर बांधावर टाकलं आणि पेंढ्या उचलता उचलता सगळं सांगायला घेतलं. मॅडमची टोपी, अकरा हजार, साजीद. अनुसयाबाई पदर तोंडाला लावून हसत होती.

“आन् मॅडम म्हणल्या, मग दुसरा येतो. वकील म्हणवतो. फी मागतो.”

पुढं सपासप चाललेला विळा थांबला. पुंजाजीनं अंगठा तोंडात घातला.

“कापलं का वं?” अनुसयाबाई म्हणाली.

“न्हाई. खरचटलं.” त्यानं थुंकून अंगठ्याला माती लावली. “कोण मॅडम म्हणली?”

“हिंगोलीच्या. नाहिद मॅडम.”

“शहरातल्या लोकायला काय कळतंय,” तो म्हणाला, आणि परत कापायला लागला. पण आता विळा एका लयीत चालत नव्हता. रागिणीनं ते बघितलं, तुरीचा वाळका पाला नाकात गेला म्हणून शिंकली, आणि विसरूनही गेली.

*

रविवारी सकाळी दारात मोटरसायकल वाजली. सेनगावचे जमीलभाई. बकऱ्यांचे व्यापारी, दर ईदच्या आधी पुंजाजीचे बोकड तेच न्यायचे. पण आत्ता ना ईद होती ना बोकड मोठे झाले होते. आणि पुंजाजी दावणीतून सोडून आणत होता ती चंद्री. कपाळावर पांढरा टिळा असलेली, घरची सगळ्यात दुधाची शेळी, त्यात गाभण.

जमीलभाईंनी चंद्रीच्या पोटाखाली हात घातला, कास चाचपली, आणि हात तसाच ठेवून वर बघितलं. “पुंजाजीभाऊ, ही तर पंधरा दिवसांत विणार. गाभण बकरी विकून राहिले? तेबी तुमी?”

“अडचण हाय.”

“तकलीफ काय ते तरी सांगा.”

पुंजाजीनं खांद्यावरचा रुमाल काढून हातावर टाकला. रुमालाखाली बोटं धरून भाव करायचा, म्हणजे चार लोकांना आकडा कळत नाही. जमीलभाईंनी हात पुढं केलाच नाही.

“बाबा,” रागिणी मध्येच उभी राहिली, “चंद्री काहून विकायची?”

“तू घरात जा.”

“न्हाई जात.”

हे उत्तर ऐकून पुंजाजीला स्वतःलाच नवल वाटलं असावं. तो रुमाल हातावर तसाच ठेवून ओट्यावर बसला. आणि मग निघायला लागलं, एकेक.

दिवाळीच्या आधी फोनवर कुठल्या तरी ग्रुपात त्याचा नंबर पडला. तिथं कुणी अनन्या मॅडम होती. ती म्हणाली, एक कॉइन घ्या, आमच्याकडं ठेवा, आमी सांभाळतो, वाढंल ते निम्मं तुमचं, निम्मं आमचं.

“मग तर आपलाच धंदा झाला,” पुंजाजी म्हणाला. “मी म्हणलं, लोकं माझ्याकडं शेळी ठेवतात, मी हिच्याकडं कॉइन ठेवतो. दोन हजार ठेवले. आठ दिवसांत तेवीसशे आले, खरेखुरे, खात्यात. मग ठेवत गेलो.”

“किती?” अनुसयाबाई चुलीपासून उठून आली होती, हाताला पीठ.

“छेचाळीस.”

“हजार?”

त्यानं मान हलवली.

“आपल्याकडं कुठून आले हो छेचाळीस हजार?”

पुंजाजी आता रुमालाची घडी घालत होता, उलगडत होता, परत घालत होता. “एकोणीस आपले. सत्तावीस पारुबाईचे.”

पारुबाईच्या चार शेळ्या त्यांच्या दावणीला होत्या. तीन वर्षं तिनं आपल्या वाट्याच्या बोकडांचे पैसे घेतलेच नव्हते. म्हणायची, पुंजाजी, तुझ्याजवळ राहू दे, माझ्या हातात टिकत न्हाई, एकदम पत्र्याचं घर बांधते. आता मार्चात पत्रे घ्यायचे म्हणून ती रोज रागिणीला खिचडी वाढताना पत्र्याचे रंग सांगायची. निळा घेऊ का लाल?

“काढायला गेलो तर म्हणली आधी टॅक्स टाका. टाकला. मग ग्रुपच गायब. आता एक वकीलसाहेब भेटलेत. दिल्लीचे. सगळा पैसा सापडला म्हणतात. पंधरा हजार फी टाकली की दोन दिवसांत जमा.” त्यानं रागिणीकडं न बघता पुढं म्हटलं, “तुझी मॅडम काय बोलली ते मी ऐकलं. पण ह्याच्याकडं कागद हाय. शिक्का हाय. पारुबाईला तोंड दाखवायचं हाय मला.”

जमीलभाईंनी डोक्यावरची टोपी मागं सरकवली. “या अल्लाह,” ते हळूच म्हणाले आणि ओट्याच्या कडेला नीट बसले. आता ते जाणार नव्हते.

आणि तेवढ्यात वकीलसाहेबाचाच फोन आला.

*

“आवाज मोठा ठेवा, बाबा. सगळ्यांना ऐकू येऊ द्या,” रागिणी म्हणाली. पुंजाजीनं बटण दाबलं.

साहेब हिंदीत बोलत होता, गोड, घाईत. पैसा सापडला आहे, परदेशातल्या पाकिटात अडकला आहे, आज संध्याकाळपर्यंत फी आली नाही तर फाईल बंद होईल. पुंजाजी “व्हय साहेब, व्हय साहेब” म्हणत होता आणि त्याचा दुसरा हात आपोआप चंद्रीच्या दाव्याकडं जात होता.

रागिणीनं फोन ओढून घेतला. सेनगावच्या स्टेजवर माईक धरला होता, तसाच तोंडाशी धरला.

“साहेब, मी त्यांची मुलगी. पैसा सापडला म्हणता?”

“हां बेटा, पूरा मिल गया है।”

“छेचाळीस हजार?”

“छियालीस से भी ज़्यादा। मुनाफ़ा भी है।”

“मग असं करा. फी त्यातूनच कापून घ्या.”

साहेब म्हणाला, तसं चालत नाही, नियम आहे, आधी फी.

“बरं, मग पंधरा नका घेऊ. निम्मे घ्या. तेवीस तुमचे, तेवीस आमचे. आमच्या गावात असंच असतं. मेहनत तुमची, म्हणून निम्मा वाटा तुमचा. पण वाटा पिल्लं झाल्यावर. आधी न्हाई.”

“देखो, तुम बच्ची हो, पापा को फ़ोन दो।”

“तीस घ्या. सोळाच आमाला द्या.”

जमीलभाईंनी तोंडावर हात दाबून धरला होता, खांदे हलत होते.

साहेब चिडला. गोड आवाज कुठल्या कुठं गेला. फी नाही तर पैसा विसरा, वरून पोलीस केस होईल, तुमचा बाप आत जाईल, असं बरंच काही. रागिणीला आता खरंच भीती वाटली. तिनं बापाकडं बघितलं.

पुंजाजी ऐकत होता. पण त्याचा चेहरा भ्यालेल्या माणसाचा नव्हता. बाजारात एखाद्या शेळीचे दात बघताना त्याचा चेहरा असा व्हायचा. तो उठला, लेकीच्या हातातून फोन घेतला.

“साहेब,” तो मराठीतच म्हणाला, “बावीस वर्षं मी लोकांच्या शेळ्या राखून राहिलो. ज्याच्या दावणीला शेळी हाय, तो निम्म्या वाट्याला न्हाई म्हणत न्हाई. तुमी तर तिनातल्या दोन वाट्यालाबी न्हाई म्हणले. म्हणजे तुमच्या दावणीला शेळीच न्हाई.”

आणि फोन बंद केला. मग चंद्रीचं दावं धरून तिला नेलं, आणि परत तिच्या खुंट्याला बांधलं.

जमीलभाईंनी खिशातून रुमाल काढून डोळे पुसले. हसून की कशानं, कळलं नाही. “पोरी,” ते म्हणाले, “माझ्यासंगं बाजारात येत जा. चांगले चांगले दलाल तुझ्यापुढं रडतील.”

“आधी एकोणीसशे तीस लावा,” रागिणी म्हणाली. “मग बाजार.”

*

फोन लागायला पाऊण तास गेला. सोमवारी शाळा बुडवून बापलेक काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं हिंगोलीला गेले. सायबरच्या ऑफिसात पुंजाजीनं चपला दाराबाहेर काढल्या. कुणी काढा म्हटलं नव्हतं. खुर्चीवर तो अर्धाच बसला. पलीकडच्या टेबलावरच्या एका पोरसवदा साहेबानं विचारलं, “काका, शिकलात किती?” आणि पुंजाजीनं “चौथी” असं सांगताना जमिनीकडं बघितलं.

नाहिद मॅडमनी मात्र रागिणीला बघताच ओळखलं. “अरे, अकरा हजारवाली. ये. आज काय विचारतेस?”

“आज विचारायचं न्हाई मॅडम, लिहायचं हाय.”

कुठल्या तारखेला किती पैसे पाठवले, ते हवं होतं. पुंजाजीला एकही तारीख सांगता येईना. तो म्हणाला, “पहिले टाकले ते काळीला दोन पिल्लं झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी. मग दहा हजार टाकले तेव्हा बांड्या बोकडाचा पाय मुरगळला होता. आन् टॅक्स टाकला त्या दिवशी पारुबाईच्या शेळीला पाट झाली.”

मॅडमनी पेन खाली ठेवला. “पाट म्हणजे?”

“मादी पिल्लू,” रागिणी म्हणाली. “थांबा, मी सांगते.” तिनं पासबुक उघडलं, बापाच्या एकेका शेळीसमोर एकेक ओळ सापडत गेली. काळी व्याली तो वसुबारसेचा आदला दिवस, म्हणजे सहामाही परीक्षा संपली तो. बांड्याचा पाय मुरगळला तेव्हा ती स्पर्धेच्या भाषणाची तयारी करत होती. सात व्यवहार, साती जुळले. पलीकडचा पोरसवदा साहेब उठून बघायला आला. “काका, तुमची आठवण तर कॉम्प्युटरला भारी हाय,” तो म्हणाला, आणि पुंजाजी पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसला.

दुपारी मॅडमनी सांगितलं, रविवारी फोन लावल्याबरोबर एका बँकेतल्या खात्यात एकोणीस हजार अडवले गेलेत. “कोर्टाचा हुकूम झाला की तुमाला मिळतील. काही महिने जातील. बाकीचे पुढं पुढं सरकवलेत, माग काढून राहिलो. येतीलच असं मी म्हणत न्हाई. तसं म्हणणारा तो तुमचा दिल्लीचा वकील.”

पुंजाजीनं मान हलवली. निम्मेही नव्हते. पण खोटे नव्हते.

“आणखी एक,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. “याच खात्यांमध्ये तुमच्या भागातून लई लोकांचा पैसा गेलाय. नावं मी सांगणार न्हाई. पण तक्रार घेऊन आले ते फक्त तुमी. लोक लाजतात. जेवढ्या तक्रारी, तेवढी खाती सापडतात. आणि अडवलेला पैसा मिळतो तो तक्रार केलेल्यालाच. घरात तोंड लपवून बसणाऱ्याचा तसाच पडून राहतो.”

*

मंगळवारी सकाळी पुंजाजीनं दाढी केली, पांढरा शर्ट घातला आणि पारुबाईच्या दारात जाऊन उभा राहिला. मागं अनुसयाबाई, तिच्या मागं रागिणी. दारावर जुन्या साडीचा पडदा, वर कापसाच्या पऱ्हाटीचं छप्पर, त्यावर ताणलेलं प्लॅस्टिक. पारुबाई केस विंचरत होती. तिनं तिघांच्या तोंडाकडं बघितलं.

“कोणती मेली?” तिनं विचारलं. “ढवळी?”

“शेळी न्हाई,” पुंजाजी म्हणाला. “पैसे मेले. तुझे सत्तावीस.”

पारुबाईनं फणी केसात तशीच ठेवली. “कान?”

त्यानं खिशातून तक्रारीचा कागद काढला, उलगडला, आणि दोन्ही हातांनी पुढं धरला. कान धरायचा तसाच. पारुबाईला वाचता येत नव्हतं. रागिणीनं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, आकड्यांसकट.

“अडवलेले एकोणीस आले की सगळे तुझे,” पुंजाजी म्हणाला. “राहिले आठ. माझ्या वाट्याची पिल्लं देतो, फिटेपर्यंत.”

पारुबाईनं केसातली फणी काढली, अंबाडा बांधला, गच्च. “माझ्या शेळ्या सोड.”

“पारुबाई...”

“चारी सोड. आत्ताच्या आत्ता.”

आणि ती स्वतः येऊन घेऊन गेली. चार शेळ्या दावणीतून निघाल्या, भर गल्लीतून गेल्या, ओट्याओट्यावरच्या लोकांनी बघितल्या. दुपारपर्यंत दोन मालक येऊन “आमच्या शेळ्या बऱ्या हाईत ना” असं सहज विचारून गेले. पुंजाजी तुरीच्या पेंढ्या बडवत बसला. दिवसभर बडवल्या. संध्याकाळी त्याचे हात वर होत नव्हते. अनुसयाबाईनं तेल कोमट करून खांदे चोळून दिले, आणि चोळता चोळता म्हणाली, “कान दाखवला ना तुमी? मग झालं. आता गाव काय म्हणायचं ते म्हणू द्या.”

रागिणीला वाटलं होतं, खरं बोललं की माणूस हलका होतो. इथं तर दावणीतले चार खुंटे रिकामे दिसत होते.

*

शुक्रवारी मधल्या सुट्टीत पारुबाईनं तिला खुणेनं शेडमागं बोलावलं. पारुबाईच्या साडीचा एक काठ कुरतडलेला होता, डोळे तांबारलेले.

“तुझ्या बापाला म्हण, शेळ्या घेऊन जा. तीन दिवस झाले डोळा लागू देईनात. कळपाची आठवण काढतात आन् भसाडा गळा काढतात. पापड खाल्ले, झेंडू खाल्ला, काल माझी साडी खाल्ली.”

“व्हय,” रागिणी म्हणाली. हसू दाबताना गाल दुखायला लागले.

“हसतीस काय? ऐक.” पारुबाईनं इकडंतिकडं बघितलं. “मी तुझ्या बापाला गल्लीत उघडा पाडला. सगळ्यांसमोर. आन् सोता...” ती थांबली, मग एका दमात म्हणाली, “त्या अनन्या भवानीकडं माझेबी सहा हजार गेले. खिचडीच्या पगाराचे. माझ्या भाच्यानं फोनवर टाकून दिले. दसऱ्यापासून कुणाला बोलले न्हाई. त्या दिवशी ती पोलीसबाई बोलून राहिली होती, तर माझं उलथणंच हलेना.”

रागिणीला लागलेली खिचडी आठवली. “मग चला की मावशी. तक्रार लिहू. मी लिहिते.”

“लिही. पण कुणाला सांगू नको. लोक म्हणतील, म्हातारी, अंगठाछाप, आन् कॉइन घेते.” मग खालच्या आवाजात, “मी एकलीच न्हाई. हनुमान पिठगिरणीवाल्याचेबी गेले. त्याची बायको मिराबाई माझ्याजवळ रडली. तीबी म्हणली, कुणाला सांगू नको. प्रत्येकाला वाटून राहिलं, गावात आपुनच येडे.”

शेडमागं जळणाच्या ढिगावर बसून रागिणीनं विज्ञानाच्या वहीच्या मागच्या पानावर पारुबाईची तक्रार लिहून घेतली. घंटा झाली, आकांक्षा आणि गुलनाज शोधत आल्या, तर तिनं त्यांनाही काही सांगितलं नाही. रागिणीच्या आयुष्यात ही गोष्ट पहिल्यांदाच घडत होती.

त्या संध्याकाळी चार शेळ्या गल्लीतून परत आल्या. पुढं पारुबाई, हातात काठी, आवाज सगळ्या ओट्यांना ऐकू जाईल एवढा: “घे रे बाबा पुंजाजी, सांभाळ तुझी सासुरवाडी. तुझ्याशिवाय कुणाच्या बापाला ऐकत न्हाईत.” आणि दावणीपाशी, फक्त त्याला: “ते आठ हजार. पिल्लू देशील तर पाट दे. बोकड नको मला.”

“पाटच देतो,” पुंजाजी म्हणाला. त्यानं चौघींचे कान एकेक करून चाचपले, खुणा बघितल्या. बघायची गरज नव्हती.

*

पंचवीस जानेवारीच्या संध्याकाळी अंगणात ताडपत्रीवर तूर वाळत होती. अनुसयाबाई सूप घेऊन पाखडत होती, भुसा वाऱ्यानं चंद्रीच्या तोंडाशी जात होता. चंद्रीला दोन पिल्लं झाली होती, दोघी पाटी, आणि पुंजाजी त्यातल्या एकीच्या कानाला पारुबाईची खूण पाडून आत्ताच हात धूत होता. पिल्लाचा रडून रडून घसा बसला होता, पण आईच्या कासेला लागल्यावर शेपूट थरथरत होतं.

रागिणी ओट्यावर वही मांडीवर घेऊन बसली होती. उद्या झेंडावंदनाला तिचं भाषण. सगळं गाव येतं त्या दिवशी, आणि लगेच तिथंच ग्रामसभा भरते. रत्नपाल सरांनी तिला संविधानावर चार पानं लिहून दिली होती, छान अक्षरात. तासाभरापासून ती पानं उलटी पडली होती आणि ती वहीत दुसरंच काही लिहीत होती.

“पाठ झालं का गं?” अनुसयाबाईनं विचारलं.

“झालं.” रागिणी उठली, अंगणात आली, आणि तुरीच्या ढिगाच्या या बाजूला, दोघांच्या समोर उभी राहिली. “पण ते सरांचं न्हाई म्हणणार मी. सरांना सकाळी सांगते. त्यातलं शेवटचं पान तेवढं घेते, ते चांगलं हाय.”

“मग काय म्हणणार?” पुंजाजीनं हात झटकले.

“जे झालं ते. ग्रुपापासून त्या वकिलापर्यंत. आन् भाषण झालं की शाळेच्या ओट्यावर वही घेऊन बसणार. ज्याला तक्रार लिहायची त्यानं यावं. नाहिद मॅडमला आकांक्षाच्या फोनवरून कळवलंय, त्या म्हणल्या मी दुपारी येते.”

“सांग की. चांगलंच हाय,” पुंजाजी म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं. हात शर्टाला पुसता पुसता थांबले. “कुणाचं म्हणून सांगणार?”

अनुसयाबाईचं सूप हवेतच राहिलं.

“गावातला एक माणूस, असं म्हण ना लेकी,” तो म्हणाला. “एक शेतकरी म्हण. कळणाऱ्याला कळतंय.”

“एक माणूस म्हणलं तर जो तो म्हणंल तो मी न्हाई, आन् पुन्हा घरात जाऊन बसंल.” रागिणीचा आवाज मोठा नव्हता. तिला तो मोठा करायची गरज वाटली नाही. “बाबा, मी विचारून न्हाई राहिले, सांगून राहिले. माईक हातात आला की पहिलं वाक्य असं म्हणणार, माझे वडील पुंजाजी, यांना छेचाळीस हजाराला गंडवलं, आन् त्यांनी दारात जाऊन कबूल केलं. तुमी समोर येऊन बसा, न्हाईतर उद्याचा दिवस शेळ्या घेऊन लांब माळाला जा. नाव मी तुमचंच घेणार.”